एका मताची किंमत १७५

सीताबर्डीला सीताबर्डी म्हणतात ते फक्त पाट्यांवर. नागपूरकर ‘बर्डी’ म्हणतो. बर्डीजवळच्या मॉरिस कॉलेजचंही तसंच. आता ती वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था आहे, पण हे पूर्ण नाव ऑटोवाल्याला सांगून बघा. शेवटी ‘मॉरिस कॉलेज’ म्हणावंच लागतं.

१९२०च्या दशकात या कॉलेजात शिकलेले महंमद हिदायतुल्ला पुढे नागपूर हायकोर्टाचे आणि नंतर भारताचे सरन्यायाधीश झाले. १९६९ साली २० जुलै ते २४ ऑगस्ट हे पस्तीस दिवस ते देशाचे कार्यवाहक राष्ट्रपती होते. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन पदावर असताना वारले. उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी यांनी कारभार हाती घेतला आणि मग निवडणूक लढवण्यासाठी राजीनामा दिला. दोन्ही खुर्च्या रिकाम्या झाल्या तर काय, यासाठी त्याच वर्षी कायदा झाला होता: सरन्यायाधीशांनी कारभार पाहायचा.

त्या निवडणुकीतले दोन उमेदवारही नागपूरला अनोळखी नव्हते. गिरी बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगार चळवळीतून वर आलेले. १९२९ साली आयटकच्या नागपूर अधिवेशनात फूट पडली, तेव्हा ना. म. जोशींच्या गटाबरोबर तेही बाहेर पडले होते. दुसरे चिंतामणराव देशमुख. रायगडचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे सीडी. आयसीएस झाल्यावर त्यांची उमेदीची वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारात, म्हणजे नागपूरच्या सचिवालयाच्या वर्तुळात गेली. तिसरे, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार, नीलम संजीव रेड्डी.

नागपुरातल्या एकाही सामान्य मतदाराने मात्र या तिघांपैकी कुणालाही मत दिलं नाही. देता येतच नव्हतं, आजही येत नाही. राष्ट्रपती निवडतात ते निवडून आलेले खासदार आणि आमदार. नेमलेले खासदार नाहीत, विधान परिषदेचे आमदारही नाहीत. या मतदारसमूहाला राज्यघटनेच्या मराठीत ‘निर्वाचकगण’ म्हणतात.

मग प्रश्न पडतो: आपण का नाही? २०१२ साली मी शाळेत होतो. अब्दुल कलामांना पुन्हा राष्ट्रपती करा, असं फेसबुकवर जोरात चाललं होतं. कलामांना लोकांत तोटा नव्हता, पण निर्वाचकगणात आकडे जुळत नव्हते. जूनमध्ये त्यांनी नकार कळवला. माझ्या पिढीतल्या अनेकांच्या मनात ‘ही पद्धत बंद करा’ हे तेव्हापासून आहे.

माझं मत आधीच सांगतो. ही पद्धत ठेवावी. पण ती ठेवण्याची जी कारणं सहसा दिली जातात, त्यातली निम्मी आता कामाची नाहीत. आणि तिच्यात एक जागा अशी आहे की जिच्याकडे ‘थेट की अप्रत्यक्ष’ या वादात कुणाचं लक्षच जात नाही.

शहांचा मुद्दा

हा प्रश्न संविधान सभेतही विचारला गेला होता. विचारणारे होते मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ, प्रा. के. टी. शहा. राष्ट्रपती प्रौढ मताधिकाराने थेट निवडावा, अशी त्यांची दुरुस्ती होती. म्हणणं सरळ होतं: राष्ट्रपती जनतेचा प्रतिनिधी असेल तर जनतेने निवडावा. विधिमंडळांनी निवडला तर तो बहुमतवाल्या पक्षाच्या हातातलं बाहुलं होईल.

उलट बाजू जुलै १९४७ मध्ये नेहरूंनी मांडली होती आणि डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी. त्यात दोन प्रकारची कारणं होती. पहिलं व्यवहाराचं: एवढ्या प्रचंड मतदारसंख्येची आणखी एक निवडणूक घ्यायला यंत्रणा कुठून आणायची? दुसरं रचनेचं: खरी सत्ता पंतप्रधान आणि मंत्रिमंडळाकडे असणार. मग ज्याच्याकडे सत्ता नाही त्याला देशभरच्या मतांचा कौल कशाला द्यायचा? दिला, तर एक दिवस तो त्या कौलाच्या जोरावर सत्ता मागेल.

व्यवहाराचं कारण आज संपलं आहे. लोकसभेच्या निवडणुकीसाठी मतदान यंत्रं गावोगावी जातातच, त्यांच्याबरोबर आणखी एक यंत्र जाऊ शकेल. तेव्हा ‘खर्च फार होईल’ म्हणून ही पद्धत ठेवा, असं कुणी म्हणालं तर मला ते पटत नाही. उरतं ते रचनेचं कारण.

शहांची गोष्ट पुढे चालू राहिली. मे १९५२ मध्ये पहिली राष्ट्रपती निवडणूक झाली तेव्हा राजेंद्र प्रसादांच्या विरोधात ते स्वतः उभे राहिले. ज्या पद्धतीला विरोध केला त्याच पद्धतीने लढले आणि हरले: ५,०७,४०० विरुद्ध ९२,८२७.

भागाकार

हे आकडे पाहून कुणालाही वाटेल की लाखो लोकांनी मतं दिली. तसं नाही. मतदार काही हजार, पण प्रत्येक मताला वजन. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचं, पुन्हा हजाराने भागायचं. येईल ते एका आमदाराचं मतमूल्य. महाराष्ट्राची १९७१ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. भागिले २८८, भागिले १०००. उत्तर १७५. उत्तर प्रदेशचं २०८, सिक्कीमचं ७. सगळ्या देशातल्या आमदारांच्या मतमूल्यांची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागलं की एका खासदाराचं मतमूल्य मिळतं. म्हणजे सगळ्या राज्यांचं मिळून जेवढं वजन, तेवढंच संसदेचं.

कोड लिहिणाऱ्या माणसाला या सूत्रातली एक गोष्ट फार आवडते. राज्यांच्या सीमा कशाही आखा, एखाद्या प्रदेशाचं एकूण वजन जवळपास बदलत नाही. २००० साली मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं. आता मध्य प्रदेशच्या आमदाराचं मूल्य १३१ आणि छत्तीसगडच्या आमदाराचं १२९, पण दोघांची बेरीज तिथल्या लोकसंख्येइतकीच येते.

हे नागपूरकराला लवकर कळायला हवं. राजेंद्र प्रसादांच्या १९५२च्या निवडणुकीत नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. दहा वर्षांच्या आत तीन राज्यं झाली. राजधानी गेली, सचिवालय गेलं, पण विदर्भातल्या माणसाच्या मागे राष्ट्रपती निवडणुकीत असलेलं वजन सूत्राने तिन्ही वेळा सांभाळलं. उद्या वेगळा विदर्भ झाला किंवा न झाला, तरी एवढ्या एका बाबतीत फरक पडणार नाही.

दुसरी पसंती

आता पुन्हा १९६९. शहांची भीती खरी ठरते का, याची सगळ्यात कडक परीक्षा तेव्हाच झाली.

काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बंगळुरूत रेड्डींना उमेदवारी दिली ती इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध. यशवंतराव चव्हाणांनीही तिथे रेड्डींच्या बाजूने मत दिलं. १९ जुलैला बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला, त्यावर सही कार्यवाहक राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्याच दिवशी गिरी राजीनामा देऊन अपक्ष उमेदवार म्हणून बाहेर पडले. इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या उमेदवारासाठी व्हिप काढू दिला नाही आणि खासदार-आमदारांना सद्सद्विवेकबुद्धीने मत द्यायला सांगितलं. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ देशमुखांच्या मागे होते.

मतदान गुप्त, पसंतीक्रमाचं. पहिल्या पसंतीची मोजणी झाली: गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कुणालाच मिळाली नाहीत. राष्ट्रपतिपदाचा निकाल दुसऱ्या पसंतीवर गेला तो त्या एकाच वेळी. बाकीचे उमेदवार बाद होत गेले, शेवटी देशमुखही बाद झाले, आणि त्यांच्या मतपत्रिकांवर दुसऱ्या क्रमांकाला कोण आहे ते पाहिलं गेलं. त्यातली बहुतेक रेड्डींकडे गेली, पण गिरींना हवी तेवढी मिळाली. अखेरचा निकाल ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७.

फरक १४,६५०. तेव्हा १९६१ची जनगणना धरत, त्या हिशेबाने महाराष्ट्राच्या आमदाराचं मतमूल्य १४६ होतं. म्हणजे हा फरक साधारण शंभर आमदारांएवढा, आणि पन्नास-एकावन्न जण इकडचे तिकडे झाले असते तर निकाल उलटला असता. पक्षाच्या हातातलं बाहुलं निवडायचं तर निकाल आधीच ठरलेला असतो. इथे सत्ताधारी पक्षाचा अधिकृत उमेदवार पडला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो पक्षच फुटला. निकालाला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं, तेव्हा राष्ट्रपती गिरी स्वतः कोर्टात येऊन साक्ष देऊन गेले.

याचा अर्थ १९६९ मध्ये सगळं विवेकाने झालं, असा मी काढत नाही. एका नेत्याने पक्षातल्या दुसऱ्या गटाला दिलेला तो शह होता. पण शह देता आला, तो मत गुप्त होतं म्हणून आणि व्हिप नव्हता म्हणून. या निवडणुकीला पक्षांतरबंदी कायदा आजही लागू नाही. त्याचा वापर महाराष्ट्राने पुष्कळ पाहिला आहे. शिवसेनेने १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांच्याविरुद्ध टी. एन. शेषन यांना पाठिंबा दिला. २००७ मध्ये भाजपबरोबर युतीत असताना अमरावतीच्या माजी खासदार प्रतिभा पाटील यांना मतं दिली, कारण मराठी माणूस राष्ट्रपती होत होता. २०१२ मध्ये पुन्हा युती सोडून प्रणव मुखर्जींना दिली. हे तत्त्व होतं की सोय, यावर वाद घाला. पण ही मतं कुणाच्या खिशात नव्हती, एवढं नक्की.

कामठी आणि कोलंबो

बर्डीहून कामठी पंधरा-सोळा किलोमीटर. कामठीला नगर परिषद आहे, तिथला मतदार नगराध्यक्ष थेट निवडतो. नागपूरला महानगरपालिका आहे, इथला मतदार नगरसेवक निवडतो आणि नगरसेवक महापौर. मेट्रोच्या काही स्टेशनांएवढ्या अंतरावर दोन पद्धती.

कामठीसारख्या शहरांचंही कायम एकच राहिलं नाही. महाराष्ट्रात नगराध्यक्ष थेट निवडायचं २००१ मध्ये ठरलं, २००६ मध्ये रद्द झालं, २०१६ मध्ये परत आलं, २०२० मध्ये गेलं, २०२२ मध्ये पुन्हा आलं. सरपंचाचं २०१७, २०२० आणि २०२२ असं. २०१६पासूनच्या तारखांपुढे सरकारं लिहून बघा, सरकार बदललं की पद्धत बदलली. लोकशाहीचा मोठा विचार करून कुणी हे फिरवत होतं, असं मला वाटत नाही. थेट निवडणुकीत शहरी लाट उपयोगी पडते, अप्रत्यक्ष निवडणुकीत नगरसेवक फोडता येतात. ज्याला जे जमतं, त्याला ती पद्धत.

मात्र नगराध्यक्षाच्या बाबतीत थेट निवडणुकीची बाजू मला जास्त पटते. त्याच्याकडे काम आहे, अधिकार आहेत, नळाला पाणी आलं नाही तर त्याला विचारता येतं. ज्याला जाब विचारायचा, त्याला निवडण्याचा हक्क आपल्याकडे हवा. त्याची किंमतही आहे: नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्या पक्षाचं झालं की ठराव अडकतात. पण ती किंमत शहराला पेलते.

देशाला पेलते का? श्रीलंकेत राष्ट्राध्यक्ष थेट निवडला जातो. ऑक्टोबर २०१८ मध्ये मैत्रीपाल सिरिसेना यांनी पंतप्रधान रानिल विक्रमसिंघे यांना काढून महिंद राजपक्षांना नेमलं, मग संसदही बरखास्त केली. काही आठवडे कोलंबोत पंतप्रधान कोण हेच ठरत नव्हतं. डिसेंबरमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने बरखास्ती बेकायदा ठरवली. एकीकडे जनतेने निवडलेला अध्यक्ष, दुसरीकडे जनतेने निवडलेली संसद. नेहरू-आंबेडकरांना नेमकं हेच नको होतं.

फ्रान्समध्ये १९५८च्या घटनेनुसार राष्ट्राध्यक्ष सुमारे ८० हजार निर्वाचक निवडत. द गॉल यांनी १९६२ मध्ये जनमत घेऊन थेट निवडणूक आणली. त्यांना अध्यक्षपद बळकट करायचं होतं आणि ते झालंही. निवडण्याची पद्धत बदलली की पद बदलतं, याचं हे सगळ्यात स्वच्छ उदाहरण.

आता उलटी बाजू. अप्रत्यक्ष पद्धत आपोआप सभ्य नसते. पाकिस्तानात अयुब खान यांनीही ८० हजार निर्वाचक तयार केले होते, स्थानिक पातळीवर निवडलेले आणि रोजच्या कामासाठी सरकारी अधिकाऱ्यांच्या मेहेरबानीवर असलेले. जानेवारी १९६५ मध्ये फातिमा जिना हरल्या त्या या निर्वाचकांसमोर. आणि अमेरिकेत ५३८ निर्वाचकांच्या पद्धतीमुळे लोकांची मतं कमी मिळालेला माणूस अध्यक्ष झाला आहे, अगदी २००० आणि २०१६ मध्येही. तिथे हा वाद पेटतो, कारण त्या अध्यक्षाच्या हातात खरोखर सगळी सूत्रं असतात. एवढी सत्ता द्यायची असेल तर मत थेट घ्या, हे अमेरिकन टीकाकारांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच ते आपल्या राष्ट्रपतींना जसंच्या तसं लागू होत नाही.

२५ जूनची सही

या सगळ्यावर एक जड उत्तर आहे, ते टाळून चालणार नाही. २५ जून १९७५च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. लोकांनी निवडलेला राष्ट्रपती ‘नाही’ म्हणाला असता का?

कदाचित म्हणाला असता. पण त्याला उमेदवारी पक्षानेच दिली असती, प्रचार पक्षानेच केला असता. शिवाय ज्याच्याकडे थेट कौल असतो तो ‘नाही’ म्हणू शकतो, तसाच स्वतःहून ‘हो’ही म्हणू शकतो. आणीबाणी लावायला त्याला पंतप्रधानांच्या चिठ्ठीची गरज वाटेलच असं नाही.

नंतर दुरुस्ती झाली ती निवडणुकीत नाही, कामकाजात. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने दोन गोष्टी घातल्या. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा. आणि मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपती एकदा फेरविचाराला परत पाठवू शकतात. एखाद्या यंत्रणेत बिघाड झाला तर आधी कुठली पायरी चुकली ते शोधायचं, सगळी यंत्रणा फेकायची नाही. इथे चुकलेली पायरी सहीच्या आधीची होती.

गोठलेलं वजन

तर पद्धत ठेवावी. पण १७५ हा आकडा असाच ठेवायचा का?

लोकसंख्या १९७१ची का? १९७६ मध्ये ४२व्या दुरुस्तीने ती २००० पर्यंत गोठवली. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये, हा हेतू. पुढे ८४व्या दुरुस्तीने मुदत वाढवली: २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. ती जनगणना २०२७ची. म्हणजे २०२७च्या जुलैतली राष्ट्रपती निवडणूक बहुधा १९७१च्याच वजनांवर होईल, आणि २०३२ची कशावर, हे आत्ता ठरायचं आहे.

आज तामिळनाडूच्या आमदाराचं मूल्य १७६ आणि महाराष्ट्राच्या आमदाराचं १७५. २०११ची लोकसंख्या घालून मी तोच भागाकार केला. महाराष्ट्र ३९०, तामिळनाडू ३०८. आज केरळ १५२ आणि राजस्थान १२९. २०११च्या आकड्यांनी केरळ २३९ आणि राजस्थान ३४३. देशाच्या लोकसंख्येत महाराष्ट्राचा वाटा १९७१ मध्ये सुमारे ९.२ टक्के होता, २०११ मध्ये ९.३. आपलं जवळपास काहीच हलत नाही. हलतं ते दक्षिणेचं, खाली. आणि राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहारचं, वर.

एका बाजूला ‘एक माणूस, एक मत’. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांचं वजन आज वापरणं म्हणजे नंतर जन्मलेल्यांना मोजायचंच नाही. दुसऱ्या बाजूला दिलेला शब्द: लोकसंख्या आटोक्यात ठेवा, तुमचं नुकसान होणार नाही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. माझा कल सांगायचा तर, संसदेच्या जागांसाठी दक्षिणेची भीती मला रास्त वाटते, कारण तिथे रोजची सत्ता वाटली जाते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत तसं काही वाटलं जात नाही, तिथे सगळा देश मोजला जावा एवढंच हवं. म्हणून तिथे ताजी लोकसंख्या घ्यावी, आणि हा प्रश्न जागांच्या फेरवाटपाला बांधून ठेवू नये.

महाराष्ट्राला यात फायदाही नाही आणि तोटाही नाही. अशा राज्याने बोललं तर ऐकलं जाण्याची शक्यता जास्त असते. नगराध्यक्षाच्या निवडणुकीत आपण वीस-पंचवीस वर्षं सोयीप्रमाणे नियम फिरवत बसलो. इथे सोयच नाही, तर निदान नियमाबद्दल तरी बोलता येईल. पुढच्या जुलैमध्ये किंवा त्याच्या पुढच्या, आपला आमदार गुलाबी मतपत्रिका घेऊन आत जाईल, तेव्हा ते मत त्याचं एकट्याचं नसेल. १९७१च्या हिशेबाने त्याच्यामागे पावणेदोन लाख माणसं असतील. २०११च्या हिशेबाने ती जवळपास चार लाख होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त माणसांना सूत्र अजून ओळखत नाही.